बर्फाखालचे बेडूक

विनिपेग
११ डिसेंबर १९८८

ती. आईस,
तुझ्या रूनाचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि खोका एकाच दिवशी पोचले. खोका मुलांनी फोडला, पत्र मी फोडलं, आणि वॉरनने तू विणलेले मोजे कौतुकाने पायात चढवले तर ते ब्रिन्याचे निघाले. आता त्याचा अंगठा बाहेर आणि ब्रिन्याचा आवाज घराबाहेर, अशी परिस्थिती आहे.

तू विचारलंस की मी वेळेवर जेवते का नुसती लिहीतच बसते. दोन्ही एकाच टेबलावर चालतं. प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणावर दह्याचा एक मोठा ठसा आहे, तो लेफचा. टेबलाच्या खाली त्याची बस असते. बाप शहरात बस चालवतो, हा टेबलाखाली. टाइपरायटरवर माझी ओळ संपून घंटी वाजली की हा स्टॉप आला म्हणून ओरडतो आणि मला उतरायला लावतो. उतरले नाही तर पुढे जात नाही. तीन वर्षांच्या मुलाची शिस्त तुला माहीतच आहे, माझ्यावर तू तीच चालवलीस.

बाकी विवाहित विद्यार्थ्यांची ही वसाहत म्हणजे एकच मोठं घर आहे, मध्ये पातळ भिंती घातलेलं. शेजारची येशी इथिओपियाची, मातीवर संशोधन करते. तिच्या प्रयोगशाळेच्या दिवशी तिची हाना माझ्याकडे, माझ्या दिवशी माझी दोन्ही तिच्याकडे. ती नसती तर माझं शिक्षण केव्हाच आटोपलं असतं. तिचा नवरा मेकोनेन यंदा पहिल्यांदाच बर्फ बघतोय आणि त्याला फावड्याचा असा नाद लागलाय की जिन्यावर चिमूटभर पडला तरी हा बाहेर.

आता मुख्य बातमी. बेडूक झोपले. झोपले म्हणजे अक्षरशः दगड झाले. हे मी तुला दर वर्षी सांगते आणि तू दर वर्षी 'असं कसं' म्हणतेस, पण खरंच, आई, पाचोळ्याखाली ते कडक गोठतात. श्वास नाही, काळीज बंद, टेबलावर टाकलं तर खडा पडल्यासारखा आवाज. आणि एप्रिलमध्ये वितळून उड्या मारत जातात. इतकी वर्षं झाली तरी नुसतं लिहितानासुद्धा माझ्या अंगावर काटा येतो. झोपाळ्यांच्या मागे, झाडांच्या कडेला माझे सहा वाफे आहेत, वर जाळीची झाकणं, आणि त्यावर आता छान जाड बर्फ साचलाय. तीच त्यांची गोधडी. ती किती जाड असली म्हणजे खालचा जीव तगतो, हाच माझा सगळा प्रश्न.

गेल्या साली त्या घाण वासाच्या स्कंकने वाफे उकरून टाकले ते तुला आठवत असेल. म्हणजे हा एकच हिवाळा हातात आहे. ऑगस्टला माझी शिष्यवृत्ती संपते. माझे मार्गदर्शक डॉ. पेनर म्हणाले की एप्रिलमध्ये बेडूक नीट उठले तर उन्हाळ्यात प्रबंध पुरा, आणि पुढे अलास्कात दोन वर्षांची जागा मिळण्यासारखी आहे. नाही उठले तर वॉरनचं आणि माझं ठरलंय, तुमच्याकडे गिमलीला यायचं आणि शाळेतली विज्ञानाची नोकरी धरायची. ती काही वाईट नाही. पण आई, मला अलास्का हवंय. इतकं हवंय की मोठ्याने बोलायची भीती वाटते.

नाताळला दोघं नक्की या. व्हिनारतेर्ता केक आणशीलच, यंदा आलुबुखाराचे थर कंजूषपणा न करता घाल. बाबांना सांग की इथे बर्फ काढायला विद्यापीठाने माणसं ठेवली आहेत, त्यांनी चार दिवस पाय लांब करून बसावं.

तुझा लोभ मला कधी कमी पडला नाही, पण या हिवाळ्यात जरा जास्तीचा लागेल.

तुझी,
रूना


गिमली
५ जानेवारी १९८९

चि. सौ. रूनास, वॉरनला आणि माझ्या दोन्ही माकडांना अ. आ.

आम्ही सुखरूप पोचलो. घर थंडगार पडलं होतं, चुलीपाशी कोट न काढताच जेवलो. पण इतके आनंदाचे नाताळचे दिवस मला फार वर्षांत मिळाले नव्हते. तुझ्या त्या काडेपेटीएवढ्या घरात आपण सहा जण कसे मावलो हे देवालाच ठाऊक. लेफच्या बसमध्ये मला कायमची मागची सीट दिली होती, आणि सुटे पैसे नाहीत म्हणून दोनदा उतरवलं. आजीला उतरवतो म्हणजे काय. जावईबापूंना सांगा की आपल्या हाताखालच्या माणसांना जरा वळण लावा.

तू वाळलीस. हे मी तिथे बोलले नाही कारण तू लगेच फणकारतेस, म्हणून पत्रात लिहिते. सोबत दिलेले पिकरेल माशाचे गाल लोण्यात परतून खा, मुलांना वाटून संपवू नकोस. त्यांना अंगाचा मासा चालतो, गाल तुझ्यासाठी आहेत.

ब्रिन्या मोठी शहाणी झाली आहे. तिने मला सगळ्या वाफ्यांपाशी नेऊन एकेका बेडकाची ओळख करून दिली. दिसत काहीच नव्हतं, पण मी प्रत्येकाला नमस्कार केला. तिच्या बालवर्गाच्या बाई मिसेस फ्राइसन यांच्या नावाची एक बेडकीण आहे म्हणे, कडेच्या वाफ्यात. बाईंना हे माहीत आहे का, ते मी विचारलं नाही.

तुझे बाबा वाटभर शीळ घालत होते. निघायच्या सकाळी सगळ्यांच्या आधी उठून बाहेर गेले होते, आत आले तेव्हा मिशीला बर्फाच्या काड्या आणि चेहरा असा की कुणाच्या कोठारातून काही लांबवून आलेत. मी विचारलं नाही. कुणाकडे राहिलं की निघायच्या दिवशी त्याच्या दारचा बर्फ काढून द्यायचा आणि त्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही, ही त्यांच्या आईची शिकवण. ज्याचं काम झालं त्याने 'कुणी केलं, कुणी केलं' म्हणत आळीभर विचारत फिरावं, यातच त्यांना सगळी गंमत. तेव्हा तुझा जिना साफ दिसला असेल तर आश्चर्य मानू नकोस, आणि मी सांगितलं असंही म्हणू नकोस.

तळ्यावरच्या बर्फाखाली मासळीची जाळी उद्यापासून पुन्हा टाकायची आहेत. थंडी कडाक्याची आहे, मुलांचे कान झाक.

लोभ आमच्याकडे भरपूर आहे, मागशील तेवढा पाठवू.

तुझी आई


विनिपेग
१० जानेवारी

ती. आईस,
सा. न. घाईत लिहितेय, अक्षर लागलं नाही तर रागावू नकोस.

तुम्ही गेलात त्याच रात्री लेफचा कान दुखायला लागला. ताप, रडणं, डॉक्टर, पुन्हा रडणं. वॉरन कामावर, मी लेफला खांद्यावर टाकून घरातल्या घरात मैलोन्‌मैल चालले. आठवडाभर वाफ्यांकडे फिरकले नाही. म्हटलं, तिथे काय बदलणार आहे, बर्फ तर आहे.

काल गेले. सहापैकी तीन वाफे उघडे. नुसते उघडे नाहीत, आई, स्वच्छ. जाळीवरचा बर्फ शेवटच्या कणापर्यंत काढलेला, कडा फावड्याने ठोकून सरळ केलेल्या, कोपरे काटकोनात, आणि काढलेला बर्फ बाजूला नीट रचून ठेवलेला. इतकं सुंदर काम की क्षणभर मला कौतुकच वाटलं, आणि मग थंडी आठवली. सगळा आठवडा पारा उणे तिसाच्या खाली होता. गोधडी ओढून घेतलेल्या बाळासारखे ते तिथे पडून होते.

मी धावत घरी आले. वॉरन गणवेशात होता, तसाच आला. आमच्याकडे एकच फावडं, म्हणून बाकीच्यांनी भांडी घेतली. ब्रिन्याने दुधाचं पातेलं, लेफने गाळणी. गाळणीने बर्फ फारसा हलत नाही, पण त्याने सोडली नाही. सगळा बर्फ परत वर घातला. आता खालचे जगले की मेले हे एप्रिलपर्यंत कळायचं नाही. जिवंत गोठलेला आणि मेलेला गोठलेला हातात सारखाच लागतो. उकरून बघायला गेले तर तेवढ्यानेच मरतील. डॉ. पेनर ऐकून म्हणाले की अजून तीन आहेत, त्यांच्यावर काही होऊ देऊ नका. त्यांचा आवाज मला आवडला नाही.

आणि हे कुणी केलं ते मला पक्कं ठाऊक आहे. मेकोनेनशिवाय इथे असलं वेड कुणाला नाही. मी सरळ त्याच्या दारात जाऊन विचारलं. तो हसून नाही म्हणाला. त्याच्या हसण्याने माझं डोकं फिरलं, मी म्हटलं की निदान खरं तरी बोल. येशी आतून आली, माझ्याकडे पाहिलं आणि दार लावून घेतलं. आपटलं नाही, हळूच लावलं. आज माझा प्रयोगशाळेचा दिवस होता. कुणाकडे ठेवणार? दोघांना घेऊन गेले. लेफने डॉ. पेनरच्या रबरी शिक्क्याने स्वतःच्या पोटावर 'मंजूर' असं छापून घेतलं. आज दिवसभरात मंजूर झालेली तेवढी एकच गोष्ट.

मला रडू येत नाहीये, नुसता संताप होतोय. रागावून का होईना, लवकर लिही.

तुझी,
रूना


गिमली
१५ जानेवारी

चि. रूनास अ. आ.

हे पत्र अर्धं वाचून खाली ठेव, शेजारी जा, मेकोनेनची माफी माग, आणि मग उरलेलं वाच.

गेलीस का? मग ऐक. तुझी पत्रं मी जेवताना मोठ्याने वाचते, तुला माहीत आहे. तुझे बाबा सूप पितात आणि मी तुमचे सगळ्यांचे आवाज काढते. कालही तसंच चाललं होतं. लेफचा कान झाला, उघडे वाफे झाले, मी आपली रंगात येऊन वाचतेय. कोपरे काटकोनात, इथवर आले आणि त्यांनी चमचा खाली ठेवला. मी वर पाहिलं. त्यांचा चेहरा बघितल्यावर मला कुणी सांगायची गरज राहिली नाही. मीच तुला लिहिलं होतं ना, मिशीला बर्फ होता म्हणून. लिहिताना मला वाटलं, जिना.

त्यांनी आधी जिनाच काढला होता. मग ते झाडांकडे गेले. जाळीची झाकणं बर्फाच्या वजनाने वाकलेली दिसली. त्यांना वाटलं, झाकण मोडलं तर आपल्या रूनाचे बेडूक चिरडतील. म्हणून एकेक साफ करत गेले. मी न्याहारीला हाक मारली म्हणून तिनावर थांबले, नाहीतर सहाच्या सहा झाले असते. माझ्या हाकेला कधी नाही ते यश आलं.

सगळ्यात जास्त त्यांना काय लागलं ते सांगते. गोठलेल्या तळ्यावरून ट्रक नेण्याआधी हेच वाटेवरचा बर्फ खरवडून काढतात, कशाला, तर खाली थंडी शिरावी आणि थर जाड व्हावा. वरचा बर्फ ऊब धरून ठेवतो हे त्यांना नाही तर कुणाला ठाऊक? उभा जन्म त्यावर गेला. ते एवढंच म्हणाले की मला माहीत होतं आणि मी विचार केला नाही. मग कोट घालून बाहेर गेले. तेव्हापासून शीळ बंद आहे. फोन कर म्हटलं तर म्हणतात, फोनवर काय सांगू. फोनवर त्यांना हवामानापलीकडे काही सांगता येत नाही, ते तुलाही माहीत आहे.

आता माझं. मी तुझ्याशी खोटं बोलत नाही, म्हणून हेही लिहून टाकते. तुझं पत्र वाचल्यावर माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं माहीत आहे? की आता ही इकडे येईल. मुलं इथल्या शाळेत जातील, दुपारी माझ्याकडे येतील, अलास्का राहिलं तिकडेच. चांगला श्वासभर आनंद झाला मला, आणि मग लाज वाटली. तेव्हापासून मी रोज त्या बेडकांसाठी प्रार्थना करते, आणि जरा जोरातच करते, कारण माझ्या मनाचा मला भरवसा नाही. पाळकबाई परवा विचारत होत्या की घरात कुणी आजारी आहे का.

तुझ्या बाबांवर रागावायचं असेल तर रागाव. पण त्यांना सांग. गप्प बसू नकोस, गप्प बसायला ते एकटे पुरे आहेत.

इथून दोघांचा लोभ, त्यातला एक बोलता येत नसलेला.

तुझी आई


विनिपेग
२१ जानेवारी

ती. बाबांस,
रूनाचा सा. न. वि. वि.

आईचं पत्र वाचलं आणि मी हसले. खरंच हसले, बाबा. वाफे बघितले तेव्हा मनात आलं होतं की एवढे सरळ कोपरे मी कुठेतरी पाहिलेत. आपल्या दारातच पाहिलेत, माझ्या सगळ्या लहानपणी. माझंच डोकं चाललं नाही. तुम्ही त्यांना वाचवायला गेला होतात, त्यावर रागवायचं कसं ते मला येत नाही. दोन दिवस प्रयत्न केला, जमलं नाही.

मेकोनेनकडे गेले. काय बोलायचं ते पाठ करून गेले होते, सगळं विसरले आणि दारातच रडले. त्याने आधी येशीला हाक मारली, मग मला आत घेतलं. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाला की मी काढला असता तर इतका सरळ निघालाच नसता, तुला माझं काम बघूनच कळायला हवं होतं. तुमच्यासारखं फावडं कसं धरायचं ते त्याला शिकायचंय. येशीने कॉफी भाजली, त्यांच्या रीतीप्रमाणे तिन्ही पेले पाजले, आणि तिसऱ्या पेल्याला बोलायला लागली. मुलं पुन्हा तिच्याकडे आहेत.

ब्रिन्याला तिच्या आफीला, म्हणजे आजोबांना, लिहायचंय. ती सांगतेय तसं मी उतरवते, एक शब्द माझा नाही.

प्रिय आफी, तुम्ही कसे आहात मी बरी आहे. आई म्हणते तुम्ही चुकून केलं. लेफने पण एकदा चुकून आईची पानं आंघोळीत नेली होती तेव्हा आईने त्याला मिठी मारली पण आधी ओरडली. आम्ही बर्फ परत घातलाय आणि मी वर माझी टोपी ठेवली होती पण आईने काढायला लावली कारण टोपीमुळे प्रयोग बिघडतो. मिसेस फ्राइसन तुमच्या बाजूच्या वाफ्यात आहे. तुम्ही एप्रिलमध्ये या. एकटीने वाट बघायला कंटाळा येतो. तुमची ब्रिन्या. लेफने पण नमस्कार सांगितला नाही पण मी सांगते.

बाबा, शीळ सुरू करा. आईला घर सुनं लागतं.

तुमची,
रूना


गिमली
९ एप्रिल

चि. रूनास आशीर्वाद.

तळ्यावरचा बर्फाचा थर काळा पडायला लागला. जाळी काढली. परवाच्या बसने येतो. ब्रिन्याने बोलावलंय.

जानेवारीच्या पत्राला उत्तर दिलं नाही. लिहायला बसत होतो, पण कागदावर काय घालायचं ते सुचत नव्हतं. तीन वाफे मी मारले असतील तर ते बघायला मी तिथे हवा. तुला एकटीला बघावं लागू नये.

झोपायला जमीन पुरे. लेफच्या बसमध्ये जागा असेल तर तिथे. तुझी आई मासे पाठवतेय.

बाबा


विनिपेग
३० एप्रिल

ती. आईस,
तुझ्या रूनाचा सा. न. वि. वि., आणि लिहायला इतकं आहे की कुठून धरू कळत नाही.

उठले, आई! बेडूक उठले.

क्रमाने सांगते. बाबा आले ते माशांच्या पाटीसकट. दुसऱ्या सकाळपासून ती पाटी वाफ्यांपाशी पालथी घालून तिच्यावर ठाण मांडलं. मांडीवर लेफ, बाजूला ब्रिन्या, आणि शाळा सुटली की येशीची हानाही. बर्फ वितळत होता, पाचोळा ओला काळा दिसायला लागला होता, सगळीकडे थेंबांचा आवाज. मी प्रबंधाची पानं घेऊन जिन्यात बसायचे आणि एकही ओळ वाचायचे नाही. मेकोनेन कॉफी घेऊन यायचा. तो आणि बाबा फावड्यांबद्दल इतकं बोलले की मला हेवा वाटला. बाबा माझ्याशी जन्मात एवढं बोलले नसतील.

मग एका दुपारी ब्रिन्या धावत आली. ओरडत नव्हती, तोंडावर हात दाबून धरला होता, बेडकांना दचकवायचं नाही म्हणून. मी चप्पल न घालताच गेले. बर्फ न काढलेल्या वाफ्यांतल्या एकात पाचोळ्याचं एक पान हललं. थांबलं. पुन्हा हललं. खालून एक तपकिरी तोंड आलं, डोळ्यांवर काळी पट्टी, आणि आपलं असं बसून राहिलं, आत्ताच बसमधून उतरल्यासारखं. मी बाबांचा हात धरला होता हे मला नंतर कळलं. तो मला दुखेपर्यंत दाबला होता त्यांनी. संध्याकाळपर्यंत तिथे बेडूकच बेडूक झाले, आणि पुढच्या दिवशी त्यांनी आवाज काढला. बदकांसारखा असतो त्यांचा आवाज, ठाऊक आहे ना? लेफ वसाहतभर तसाच आवाज काढत फिरतोय. वॉरन म्हणाला की आज बसमध्ये त्याच्याही तोंडून निघाला, आणि एक बाई उतरूनच गेल्या.

बाकीच्या तिनांतून काहीच नाही. आम्ही वाट बघितली. ऊन वाढलं, दोन्हीकडे सारखंच पडत होतं, इकडे उड्या आणि तिकडे शांत. बाबा पाटी उचलून त्या बाजूला जाऊन बसले. शेवटी डॉ. पेनर आले आणि आम्ही उघडून बघितलं. सगळे गेले होते, आई. एकही नाही उरला.

ब्रिन्याला मी सांगणार होते. बाबांनी मला थांबवलं आणि स्वतः तिच्यापुढे गुडघे टेकून बसले. मिसेस फ्राइसन मेली, आणि मी वरचा बर्फ काढला म्हणून मेली, असं सरळ सांगितलं. दुसरं काही जोडलं नाही. ब्रिन्या रडली. मग नाक पुसून म्हणाली की आफी, पुढच्या वेळी आधी विचारत जा. ते म्हणाले, विचारीन. मग दोघांनी मिळून त्यांना झाडाखाली पुरलं.

आता प्रबंधाचं ऐक. मी घाबरतच डॉ. पेनरना विचारलं की अर्ध्यावर भागेल का. ते म्हणाले की भागतंय. गोधडीखालचे जगले, गोधडी गेलेले मेले, त्याच झाडांखाली, त्याच थंडीत. हे मुद्दाम करायची परवानगी मला कुणी दिली नसती, मी मागितलीही नसती. पण झालंय ते लिहावं लागेल. जुलैमध्ये तोंडी परीक्षा ठरली. अलास्काला त्यांनी त्याच दिवशी पत्र टाकलं.

आणि ही गंमत बघ. तीन वाफ्यांवरचा बर्फ कसा गेला, याचं कारण द्यावं लागतं. मी टाइप केलं की अज्ञात व्यक्तीने काढला. बाबा शेजारी मासे साफ करत होते, काय लिहिलंस म्हणाले, वाचून दाखवलं. तर सुरी खाली ठेवून म्हणाले की ते खोडून नाव घाल. मी समजावलं की अशा ठिकाणी घरच्यांची नावं घालत नाहीत. ते ऐकेनात. नाव नसलं की लोक आपले शोधत बसतात, म्हणाले, आणि मग शेजाऱ्यावर संशय घेतात. मेकोनेन दारातच उभा होता. त्याने आत येऊन बाबांच्या खांद्यावर हात ठेवला. आई, ज्या माणसाने आयुष्यभर लोकांचे बर्फ काढले आणि कुणाला पत्ता लागू दिला नाही, तो हट्ट करून आपलं नाव घालायला लावत होता. मी डॉ. पेनरना विचारलं. ते म्हणाले, घाला, शास्त्रात असा प्रामाणिक माणूस क्वचित सापडतो. तर एकेचाळिसाव्या पानावर तुझा नवरा आहे, पूर्ण नावानिशी, एगिल ब्यार्नासन, मासेमार, गिमली.

ते उद्याच्या बसने निघतायत. तू जुलैमध्ये आलीच पाहिजेस, पहिल्या रांगेत बसायला. आत्ता थांबते, लेफ स्टॉप आला म्हणतोय.

लोभ इतका लागला की सगळा संपवला, नवा पाठव.

तुझी,
रूना


गिमली
८ मे

चि. सौ. रूनास, वॉरनला, मुलांना अ. आ.

तुझं पत्र मी आधी एकटीने वाचलं, मग जेवताना मोठ्याने वाचलं, आणि मग धक्क्यावर नेऊन वाचावं लागलं, कारण तुझ्या बाबांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की आमचा प्रबंध झाला. आमचा. एकेचाळिसाव्या पानाबद्दल तर इतकं बोलतात की गावाला वाटतंय, बाकीची पानं कोरीच आहेत. शीळ पुन्हा सुरू झाली आहे. मी बंद करा म्हणत नाही.

जुलैसाठी मी निळं कापड आणलंय, शिवायला घेतलंही. पहिल्या रांगेत बसायचं तर चांगलं दिसायला नको का? प्रश्न विचारायची परवानगी पाहुण्यांना असते का, ते डॉ. पेनरना विचारून ठेव. मला तीन विचारायचे आहेत.

आता एक गोष्ट, जी मी तुला कळवली नव्हती. फेब्रुवारीत मी माडीवरची खोली रिकामी केली. भिंतींना पिवळा कागद आणला, ब्रिन्याला पिवळा आवडतो म्हणून. तुझ्या बाबांनी तो लावला, कशासाठी हे मला विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. लेफसाठी खिडकीशी जरा खाली एक फळी ठोकून घेतली, त्याला बसून तळं दिसावं. रोज सकाळी बेडकांसाठी प्रार्थना करायची आणि दुपारी वर जाऊन तो कागद कुठे सुटला का बघायचा, असा माझा सगळा वसंत गेला. दोन्ही मनापासून केलं, पोरी.

अलास्काचं पत्र आलं म्हणून तू फोन केलास, तेव्हा मी फक्त 'वा' म्हटलं, आणि तू विचारलंस की तुला आनंद नाही झाला का. फोनवर मीही तुझ्या बाबांसारखीच. म्हणून आता लिहिते. फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात नाचले. खरोखर नाचले, एप्रन धरून, तुझ्या बाबांनी दारातून पाहिलं. मग वर गेले, त्या खोलीत फळीवर बसले आणि बराच वेळ रडले. आनंदाचं नव्हतं ते रडणं. तुम्ही येणार नाही, म्हणून रडले. नाचलेही खरं आणि रडलेही खरं, आणि त्यातलं कुठलं जास्त हे मला विचारू नकोस. जा तू अलास्काला. मी तुला नको म्हणाले असते तर तू थांबली असतीस, हे मला ठाऊक आहे, आणि म्हणूनच मी कधी म्हटलं नाही.

लोभ पिवळ्या खोलीत ठेवलाय, याल तेव्हा घ्या.

तुझी आई